जुन्या ॲम्प्लिफायरचा पॉवर स्विच

प्रश्न (म्हापसा): वडिलांच्या सत्तरच्या दशकातील ॲम्प्लिफायरचा पॉवर स्विच निकामी झाला असून मूळ भाग मिळत नाही. पर्याय कसा निवडावा?

उत्तर (फोंडा): आधी क्षमता पाहावी: २५० व्होल्ट एसी, मूळ स्विचइतके किंवा अधिक अँपिअर आणि तितकेच पोल (स्विच एकाच वेळी जोडतो-तोडतो त्या स्वतंत्र तारांची संख्या). मग स्क्रूंच्या छिद्रांमधील अंतर व दांड्याची लांबी मोजावी, कारण समोरची मूळ कळ त्यावरच बसायला हवी.

उत्तर (मडगाव): चालू करताना ट्रान्सफॉर्मर क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, त्याने संपर्क जळतात; आपली खारट, दमट हवा त्यात भर घालते. संपर्क साफ करून जुना स्विच थोडाफार चालत असेल, तर त्या स्विचने २३० व्होल्ट कॉइलचा रिले (छोट्या प्रवाहाने चालणारा आणि मोठा प्रवाह जोडणारा विद्युत स्विच) चालवावा; मूळ रूप टिकते, आणि मला तोच मार्ग अधिक पटतो.

प्रश्नकर्ता: ठिणगी रोखणारा कपॅसिटरही बदलावा का?

उत्तर (फोंडा): अवश्य, पण एक्स२ वर्गाचाच (थेट घरगुती वीजपुरवठ्यावर वापरण्यासाठीचा सुरक्षा-वर्ग), किमान २७५ व्होल्ट एसीचा.