कामगाराच्या हिताची धोरणं नेमकी कोणाची? चाकण-भोसरीचा हिशेब

पगारपत्रक
काँग्रेस गरिबांची, भाजप मालकांचा, लाल बावटा संपाचा ही ठरलेली वाटणी जरा बाजूला ठेवू आणि कायद्यांवर बोलू. डोळ्यांसमोर माणूस एकच ठेवा: पुण्याजवळच्या चाकण एमआयडीसीत ठेकेदाराकडे लाइनवर उभा असलेला, मूळ पगार अधिक महागाई भत्ता मिळून १४,००० (हिशेबाला सोपा म्हणून धरलेला आकडा). २१ नोव्हेंबर २०२५ला चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत गेले. यात त्याचं काय झालं?

माझं मत, जुनी काँग्रेसी चौकट त्याला जास्त जागा देत होती. महाराष्ट्रात ५० कामगार असले की स्थायी आदेश (कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचे लेखी नियम) लागू व्हायचे, आणि आदर्श स्थायी आदेशांतल्या ४-सी कलमाप्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस सलग भरले की कायम होण्याचा हक्क सांगता यायचा. वर १९७१चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा होताच. वर्षानुवर्षं बदली-टेम्पररी ठेवून कायमपण नाकारणं ही त्यात अनुचित प्रथा म्हणून लिहिलेली आहे. संहितेत स्थायी आदेशांची मर्यादा थेट ३००. भोसरीतल्या किती शेडमध्ये ३०० माणसं असतात?

टी_ब्लॉक
४-सी कलम वाचायला झकास आहे. पण सात महिने झाले की ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावाने नवा गेटपास, मशीन तेच. २४० भरूच द्यायचे नाहीत. हा खेळ कारखाने चाकणला आल्यानंतर सुरू झालेला नाही, पिंपरीत काँग्रेस-राष्ट्रवादीच्या काळातही तो राजरोस चालत होता. जो हक्क कोणाच्या हाती लागत नाही त्याचं कौतुक किती करायचं?

आता रोकड बघा. पीएफची वेतनमर्यादा २००१पासून ६,५००वर अडकली होती, सप्टेंबर २०१४मध्ये १५,००० झाली. ईएसआयची (कामगार विम्याची) वेतनमर्यादा २१,००० झाली. जुलै २०१९पासून ईएसआयचा कामगाराचा वाटा पावणेदोन टक्क्यांवरून पाऊण टक्का, म्हणजे तुमच्या १४,०००वाल्याचे २४५ऐवजी १०५ रुपये कापले जातात. बोनसच्या हिशेबाची रक्कम ३,५००ची ७,००० झाली. बाळंतपणाची रजा २६ आठवडे. आणि संहितेत मुदतीच्या नेमणुकीला (ठराविक काळाच्या करारावरच्या नोकरीला) पाच वर्षांऐवजी एका वर्षात ग्रॅच्युइटी: १४,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे ८,०७७ रुपये. आधी शून्य मिळत होते.

पगारपत्रक
एका वर्षात, बरोबर. मग नेमणूकपत्र अकरा महिन्यांचंच निघेल. सातचे अकरा झाले, एवढीच प्रगती. सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या कामगाराला ग्रॅच्युइटी ‘प्रमाणात’ द्यायची असं म्हटलंय, त्यावर अकरा महिन्यांसाठीही भांडता येईल. पण सरकारी खुलासे एका वर्षाचंच बोलतात. शिवाय मुदत संपून काम गेलं तर ती कामगार कपात धरतच नाहीत, म्हणजे वर्षाला १५ दिवसांची नुकसानभरपाई नाही. आणि अशी नेमणूक किती वेळा वाढवायची यावर कसलंच बंधन नाही. घोडं इथंच पेंड खातं.

हिशेब_चोख
दोघंही ज्या ‘५० टक्के’ नियमाला हात लावत नाही आहात तो बघू. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग वेतनात धरायचा. एकूण ३६,००० आणि त्यात मूळ अधिक महागाई १५,००० असेल, तर वेतन १८,००० धरावं लागेल. ग्रॅच्युइटी वर्षामागे ८,६५४ची १०,३८५ होते. पीएफ १५,०००च्या मर्यादेवरच भरत असतील तर तिथे काही हलत नाही, हातात येणारा पगारही कमी होत नाही. ‘पगार घटणार’ ही ओरड त्या लोकांपुरती तरी खोटी आहे.

पण फायदा कोणाला? ज्याच्या पगारात भत्त्यांची भर आहे त्याला, म्हणजे बहुधा कायम कामगाराला आणि ऑफिसवाल्यांना. ठेकेदाराचा माणूस किमान वेतनावर असतो, त्याच्याकडे फुगवायला भत्तेच नसतात. त्याच्या पगाराच्या चिठ्ठीत हा नियम लागला काय, न लागला काय.

लाल_बावटा
दोन्ही बाजूंनी सोयीचं तेवढंच काढलंय. मुदतीची नेमणूक स्थायी आदेशांत २००३ला वाजपेयी सरकारने घातली, २००७ला यूपीएने काढली (त्यांना डाव्यांचा पाठिंबा होता, हे विसरू नका), २०१८ला मोदी सरकारने सगळ्या उद्योगांसाठी परत आणली. इथपर्यंत पगारपत्रक जिंकले. पण त्याच यूपीएच्या काळात २०१३ला तंत्रशिक्षण परिषदेची ‘नीम’ योजना आली. प्रशिक्षणार्थी म्हणायचं आणि लाइनवर पूर्ण शिफ्ट उभं करायचं. विद्यावेतन होतं, पीएफ नव्हता. सत्तेत आल्यावर भाजपने ती लगेच बंद केली का? २०१७ला नवे नियम करून पुढे चालवली.

आणि ठेकेदारीचा १९७०चा कायदा. २० किंवा जास्त कामगारांच्या ठेकेदाराला तो लागू होता. फडणवीसांच्या पहिल्या कारकिर्दीत महाराष्ट्राने तो आकडा ५० केला. लगेच एकाच घरातले दोन भाऊ दोन फर्म काढतात, प्रत्येकी ४९ माणसं, दोघांनाही परवाना नको. महाविकास आघाडी अडीच वर्षं होती, त्यांनी ५०चे २० केले नाहीत. आता संहितेतही ५०च.

टी_ब्लॉक
राजस्थानचंही घ्या मग. एप्रिल २०२०मध्ये गेहलोत सरकारनेच रोजची पाळी १२ तासांची केली होती, नंतर मागे घेतली. बारा तासांचं पाप एकट्या भाजपच्या माथी कशाला?

पगारपत्रक
मागे घेतली, हेच म्हणतोय. इथे सप्टेंबर २०२५ला राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांसाठी रोजच्या ९चे १२ तास मंजूर केले, तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४. आठवड्याचे ४८ तास कायम आणि कामगाराची लेखी संमती हवी, असं म्हणतात. ठेकेदाराच्या ऑफिसात रुजू होताना ज्या दहा कागदांवर सह्या घेतात त्यातलाच एक ही संमती असणार! १४,०००वर तासाचे साधारण ६७ रुपये पडतात, दुपटीने १३५. चिठ्ठीत मात्र हे तास ‘हजेरी प्रोत्साहन’ म्हणून सिंगल दराने येतात, म्हणजे त्यावर भांडायला कागदच राहत नाही.

मार्केटयार्ड
कारखान्याच्या बाहेरही कामगार असतो हो. १९६९चा माथाडी कायदा वसंतराव नाईकांच्या काळातला. मालक मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची ठराविक टक्केवारी) माथाडी मंडळात भरतो. मंडळ मजुरी वाटतं, लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा बघतं. मालक दहा असले तरी खातं एक. ज्याला कायम मालकच नाही अशा हमालासाठी याहून चांगली रचना मला तरी माहीत नाही, आणि झोमॅटोच्या पोरांसाठीही हीच हवी होती. संहितेत त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी कंपनीच्या उलाढालीच्या एक ते दोन टक्के ठेवलेत खरे, पण पोरांना देय रकमेच्या पाच टक्क्यांची कमाल मर्यादा घालून. २०२३ला याच माथाडी कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आलं तेव्हा संघटना विरोधात उभ्या राहिल्या त्या उगाच नाही.

टी_ब्लॉक
रचना चांगली, मान्य. पण चाकणला माल उतरवून घेणाऱ्या कारखानदाराला विचारा. क्रेनने उतरवलेल्या मालावरही ‘माथाडी’ म्हणून वसुली मागायला टोळी गेटवर येते, त्यात मंडळात नोंद असलेला एकही नसतो. खऱ्या हमालाचं नाव बदनाम होतं ते वेगळंच. दुरुस्ती त्यासाठी होती.

मार्केटयार्ड
खंडणीला पोलीस आहेत, फौजदारी कायदा आहे. त्यासाठी मंडळाच्या मुळावर घाव कशाला?

हिशेब_चोख
एक मुद्दा राहतोय, तपासणीचा. ठेकेदाराने वेतन किंवा पीएफ बुडवला तर मूळ मालक (ज्याच्या कारखान्यात काम चालतं तो) जबाबदार, हे जुन्या कायद्यांत होतं आणि संहितांतही आहे. फरक निरीक्षकात पडतो. तो आता ‘निरीक्षक-नि-सुलभकर्ता’. वेतन संहितेत पहिल्यांदा चूक सापडली की खटल्याआधी मालकाला लेखी सुधारणेची संधी द्यायची. पाच वर्षांत तीच चूक पुन्हा केली तर संधी नाही. मालक म्हणतात इन्स्पेक्टर राज संपलं, संघटना म्हणतात पहिला गुन्हा माफ झाला.

लाल_बावटा
आणि पाच वर्षांत ठेकेदाराच्या फर्मचं नाव तीनदा बदललेलं असतं. ‘तीच चूक’ कोणाच्या खात्यावर लिहिणार?

टी_ब्लॉक
मूळ मालकाच्या. त्याचं नाव बदलत नाही. तशी तरतूद नियमांत मागा, मी सही करतो. पण जुन्या इन्स्पेक्टरच्या दिवाळीच्या पाकिटाला कामगारहित म्हणू नका.