मराठी पीडीएफचं काय?
फोटोंना पर्यायी मजकूर (फोटोत काय आहे ते सांगणारं वर्णन) दिला की संकेतस्थळ दिव्यांगांसाठी सुगम झालं, असं म्हटलं जातं. ते हवंच, पण खरी अडचण परिपत्रकांत आहे. गंगापूर रोडला आमच्या शेजारचा मुलगा अंध आहे, एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अभ्यास करतो. त्याच्या विद्यापीठाचं परीक्षेचं वेळापत्रक उघडलं तर स्कॅन केलेली पीडीएफ, म्हणजे आत मजकूर नाहीच, नुसतं कागदाचं चित्र. एनव्हीडीए गप्प! दुसरी नोटीस जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधली. आपल्याला स्वच्छ मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं नि चिन्हंच असतात, त्याला तीच अर्थहीन बडबड ऐकू येत होती. शेवटी तारखा मी वाचून दाखवल्या. फार वाईट वाटलं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ नेमकं याचसाठी आहे. नोटीस युनिकोडमध्ये टाइप करून, स्कॅन न करता थेट पीडीएफ केली तरी बराच फरक पडेल.