रायडिंग मोअरला दुसऱ्या मशीनचं इंजिन बसेल का?

हिरवळ_ओहायो
नमस्कार मंडळी, घराभोवती एकरभर लॉन आहे आणि ४२ इंची डेकचा (डेक म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं कवच) रायडिंग मोअर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, साडेसतरा एचपीचं सिंगल सिलिंडर इंजिन. गेल्या आठवड्यात गवत कापता कापता धाडकन आवाज झाला, कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला, इंजिन गेलंच. पण बाकी मशीन ठणठणीत आहे, ट्रान्समिशन मस्त, डेकला गंज नाही, भंगारात द्यायला जीव होत नाही. नवीन इंजिनच्या किमतीत जुना अख्खा मोअर येतोय. आता गॅरेजमध्ये एक जनरेटर पडून आहे, त्याची वाइंडिंग जळलीय पण इंजिन एका झटक्यात सुरू होतं. आणि आमच्याच रस्त्यावरचे एक आजोबा जुना मोअर विकतायत, डेक सडलाय पण २० एचपीचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन चालू आहे. जनरेटरचं फुकट आहे म्हणून मन तिकडे ओढतंय. कुणी केलंय का असं? काय काय बघू?

पाना_पकड
जनरेटरचं डोक्यातून काढा. त्याचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, आडवा निघतो आणि तुमच्या मोअरला शाफ्ट खाली जमिनीकडे निघणारं इंजिन लागतं, पुल्या इंजिनच्या खाली असतात. तेच इंजिन उभं करून बसवू म्हणाल तर तेही नाही, आत तेल उडवायची व्यवस्था आडव्या स्थितीसाठीच केलेली असते, उभं केलं की तेल जिथे हवं तिथे पोचतच नाही, कार्ब्युरेटरही आडवा पडतो. जुन्या व्हील हॉर्स, कब कॅडेट गार्डन ट्रॅक्टरांत कोहलर कंपनीची आडव्या शाफ्टची के सिरीज इंजिनं असायची, त्यांना लोक हार्बर फ्रेट या हत्यारांच्या दुकानाचं ६७० सीसीचं प्रेडेटर इंजिन हौसेनं बसवतात, पण तुमचा तो प्रकार नाही.
आजोबांचा मोअर घ्या, आणि घ्याल तर अख्खा घ्या. नुसतं इंजिन उचलून आणलं की मफलर, पुली, वायरिंगचा सॉकेट, थ्रॉटलची केबल, एकेका वस्तूसाठी वणवण होते.

सुहास_एनसी
+१, पण पैसे देण्याआधी टेप लावा. शाफ्टची जाडी रायडिंग मोअरला सहसा १ इंच असते, ढकलायच्या मोअरला बरेचदा ७/८. लांबी बऱ्याच इंजिनांत ३ पूर्णांक ५/३२ इंच असते, ती कमीजास्त निघाली तर पुलीची पातळी बदलते आणि बेल्ट तिरका चालून उडतो. मग खालची बोल्टची भोकं जुळतात का, ट्विन रुंद असतं म्हणून हूड (इंजिनवरचं झाकण) बंद होईल का, तेही बघा. पुली निघत नसेल तर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा आणि पुलरनं काढा, शाफ्टच्या टोकावर हातोडा अजिबात मारू नका, चांगलं चाललेलं इंजिन वाया जाईल.

वायरमन_काका
यांत्रिक भाग सगळे सांगतात, लोक अडकतात ते वायरिंगमध्ये. इंजिन बंद करायची जी वायर असते ती जमिनीला, म्हणजे चासीला, टेकली की ठिणगी थांबते. तिच्यावर चुकून १२ व्होल्ट दिले तर इग्निशन कॉइल जळते. कार्ब्युरेटरखाली सोलेनॉइड (पेट्रोल बंद-चालू करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) असेल तर त्याला मात्र चावी चालू असताना १२ व्होल्ट लागतात. दोन्ही वायरी आधी ओळखा, मगच जोडा.
दुसरं, तुमच्या मोअरची पाती हँडलनं लागतात की बटणानं? बटणाचा इलेक्ट्रिक क्लच ४ अँपिअरच्या आसपास खातो. इंजिनचं चार्जिंग ३ अँपिअरचंच असेल तर गवत कापता कापता बॅटरी उतरत जाणार. आणि कृपा करून सीटचा स्विच बायपास करू नका, माणूस सीटवरून उठला की पाती थांबलीच पाहिजेत. घरात लहान मुलं असतात हो.

हिरवळ_ओहायो
सगळ्यांचे मनापासून आभार, जनरेटर बाद. आजोबांकडे जाऊन मोजून आलो, शाफ्ट १ इंच, लांबी सेम टू सेम, भोकंही जुळतायत. पाती हँडलनं लागतात त्यामुळे क्लचचा प्रश्न नाही. हूड मात्र मफलरला अडेल असं दिसतंय, माझा जुना मफलर लावता येईल का? आणि एचपी वाढलाय तर गव्हर्नरला, म्हणजे इंजिनचा वेग आवरणाऱ्या भागाला, हात लावायचा का?

पाना_पकड
जुना मफलर नाही चालणार, ट्विनला दोन एक्झॉस्ट असतात. त्यांचाच मफलर आणि त्यावरचं पत्र्याचं कवच दोन्ही आणा, हूड आतून थोडं कापा, पेट्रोलची नळी मफलरपासून लांब फिरवा. गव्हर्नर आहे तसाच ठेवा. पात्यांचा वेग इंजिनच्या आरपीएमवर ठरतो, ३६०० च्या वर गेलं की पातं आणि स्पिंडल (पातं ज्यावर फिरतं तो दांडा) दोन्ही धोक्यात. जास्तीचा एचपी ओल्या गवतात कामाला येईल.