रापणीत आलेल्या गोल माशानं हात बधिर केला, विषारी होता का?

प्रश्न
परवा मालवणला मामाकडे पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला गेले. बांगड्या-पेडव्यांत एक ताटलीएवढा, गोल, तपकिरी, गिळगिळीत मासा होता. शेपटीला काटा दिसला नाही, म्हणून पाकटाचं पिल्लू समजून उचलला. कोपरापर्यंत अशी सणक गेली की मासा हातातून सुटलाच. मामा ओरडला, "तेका हात लाव नको गो!" विष तर नाही ना भिनलं?

उत्तर १
ताई, विष अजिबात नाही, निर्धास्त राहा. तो इलेक्ट्रिक रे, म्हणजे विजेचा झटका देणारा, पाकटासारखाच चपटा मासा. मी प्राणिशास्त्र शिकवायचो तेव्हा दरवर्षी याचा एक नमुना सोलून दाखवायचो. डोक्याच्या दोन्ही अंगांना कातडीखाली मूत्रपिंडाच्या आकाराचा एकेक अवयव असतो. वरून पाहिलं तर थेट मधाचं पोळं! त्यातला प्रत्येक षटकोनी खांब म्हणजे चपट्या पेशींची चळत. मूळचे हे कल्ल्यांजवळचे स्नायू. आता ते आकुंचन पावत नाहीत, वीज तयार करतात. एकट्या पेशीची वीज नगण्य, पण मेंदूचा हुकूम आला की सगळ्या एकाच क्षणी सुटतात. अटलांटिकमधला टॉर्पेडो नावाचा मोठा इलेक्ट्रिक रे २२० व्होल्टपर्यंत जातो. आपल्याकडचे छोटे, त्यांचा झटका सौम्य.

उचलताना कसा धरला होतात? आणि पाठीवर शेपटीकडे पर किती होते?

प्रश्नकर्ती
दोन्ही हातांनी. अंगठे पाठीवर, बोटं पोटाखाली. पर एकच आठवतो.

उत्तर १
मग बरोबर. याची पाठ आणि पोट ही बॅटरीची दोन टोकं, आणि तुम्ही दोन्ही जोडलीत. हेच जॉन वॉल्श या ब्रिटिश संशोधकानं १७७२ मध्ये फ्रान्सच्या ला रोशेलला दाखवलं होतं. माणसांची साखळी करून झटका एकाकडून दुसऱ्याकडे नेला. माशाची ही वीजच आहे, हे तेव्हा अनेकांना पटत नव्हतं.

एकच पर म्हणजे बहुधा नार्के या प्रकारातला इलेक्ट्रिक रे. ग्रीकमध्ये नार्के म्हणजे बधिरपणा, नार्कोटिक शब्द त्याच मुळाचा.

उत्तर २
आमच्या होडीवर असा आला की हात न लावता प्लॅस्टिकच्या टपानं पाण्यात सोडतो. खायला कोणी घेत नाही, आणि ही मादी अंडी घालत नाही, पिल्लंच देते. वाळूवर तडफडून मेली तर पोटातली पिल्लंही जातात.

प्रश्नकर्ती
आमचा वाळूवरच राहिला होता. मामाला आत्ताच फोन करते, उद्या रापणीला टप घेऊन जा म्हणून.