जुन्या डब्ल्यू१२४ चं सनरूफ तिरकं होऊन अडकतंय, परवडणारे पार्ट कसे शोधायचे?

निळी_सेडान
नमस्कार मंडळी, माझ्याकडे १९८९ ची मर्सिडीज डब्ल्यू१२४ आहे, सेडान, सनरूफ कंपनीतूनच आलेलं, इलेक्ट्रिक, पॅनेल स्टीलचं, काच नाही. हल्ली उघडताना डावी बाजू नीट मागे सरकते आणि उजवी तिथंच अडून राहते, मग पॅनेल तिरकं होतं आणि सगळंच जाम. बंद करताना हाताने दाबून सरळ करावं लागतं. गॅरेजवाल्याने बघितलं आणि म्हणाला की फ्रेमसकट अख्खा सेट बदला, सुटं काही मिळत नाही. तेवढा खर्च मला झेपणारा नाही. गाडी वडिलांनी हौसेने घेतलेली, त्यामुळे छत कायमचं बंद करून वरून सिलिकॉन मारायचं हा सल्लाही नकोय. सुटे पार्ट खरंच मिळत नाहीत का? आणि जुने घ्यायचे तर काय बघून घ्यायचे?

गॅरेजकाका
अख्खा सेट लगेच घेऊ नकोस. आधी आजपासून ते बटण दाबणं बंद कर, कारण एक बाजू अडलेली असताना मोटर ओढत राहिली की केबलचे दाते जातात आणि मग स्वस्तातलं काम खरंच महागात जातं.

आता नीट वाच. तुझ्या गाडीत मोटर छतात नाही, डिकीत बाजूच्या पॅनेलमागे आहे, तिथून नळीतून केबल वर जाते आणि स्लाइडला, म्हणजे पॅनेल धरून रुळावर सरकणाऱ्या भागाला, ढकलते. मोटरला घसरता क्लच असतो, छत अडलं की तो घसरून मोटर वाचवतो. त्यामुळे मोटरचा आवाज येतोय आणि दोन्ही बाजू ढिम्म, असं असतं तर मी म्हणालो असतो क्लच बघ. पण तुझी एक बाजू चालतेय म्हणजे मोटर आणि क्लच ठीक आहेत, घोटाळा उजव्या रुळावर आहे. बहुतेक वेळा स्लाइडचा प्लॅस्टिकचा तुकडा तुटलेला असतो, नाहीतर जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट झालेलं असतं, त्यात धूळ बसते आणि स्लाइड रुतते. काही जण अशा वेळी क्लचचा नट आवळून देतात, छत दोन दिवस चालतं आणि मग केबल जाते. ते अजिबात करू देऊ नकोस.

हाताने फिरवायच्या हँडलने छत हळूहळू मागे घे, आतली कापडी पट्टी सोडव, पॅनेलचे स्क्रू काढून पॅनेल वर उचल आणि दोन्ही रुळ शेजारी शेजारी बघ. डावी बाजू चांगली आहे ना, तोच तुझा नमुना. काय तुटलंय ते कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नकोस.

मानसी_जुन्यागाड्या
काकांचं बरोबर आहे. पार्ट शोधताना "सनरूफ किट" असं शोधलं तर महागडे सेटच समोर येतात, पार्ट नंबरवर शोध. मर्सिडीजच्या कॅटलॉगमध्ये सरकत्या छताचा ग्रुप ७८ असतो, तुझ्या गाडीचे नंबर १२४ ७८ असे सुरू होतात. ग्रुपची चित्रं उघडली की केबल, स्लाइड, सील, सगळं सुटं सुटं दिसतं आणि प्रत्येकाला वेगळा नंबर असतो. तोच नंबर घेऊन कंपनीच्या क्लासिक विभागाकडे विचारायचं, मग पार्टवाल्यांकडे, मग स्क्रॅपमध्ये. नंबर बदलून नवीन आलेला असतो कधी कधी, तेही तिथंच कळतं. बीएमडब्ल्यूवाले वाचत असतील तर त्यांच्याकडे हा ग्रुप ५४ आहे.

स्क्रॅपमधून घ्यायचं तर गाडीचा प्रकार नक्की विचार. कूपे, इस्टेट आणि सेडान यांची छतं वेगवेगळी, फोटोत सारखी दिसतात म्हणून घेऊ नकोस. विकणाऱ्याला सांग की केबल स्लाइडसकट काढून दे, आणि ती वाकवून पोत्यात कोंबलेली नको, एकदा मोडली की ती जागा नळीत अडकते. ज्या गाडीच्या छतात गंज दिसतोय तिचे रुळ बहुधा खड्डे पडलेले असतात, तिथून फक्त मोटर घ्यावी.

आणि ज्यांच्या गाडीत सनरूफ नंतर बाहेरून बसवलंय त्यांनी गाडीच्या मॉडेलवर शोधण्यात वेळ घालवू नये. फ्रेमवर कुठेतरी वेबास्टो किंवा तशा कंपनीचं लेबल असतं, त्यावरचा मॉडेल नंबर बघायचा.

निळी_सेडान
काका, ताई, खूप आभार. पॅनेल उतरवलं. उजव्या स्लाइडच्या मागच्या टोकाला प्लॅस्टिकचा जबडा आहे, त्याची एक बाजू तुटलीय, तुकडा रुळातच सापडला. केबलचे दाते दोन्हीकडे छान आहेत. म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यासाठी मी अख्खी फ्रेम बदलणार होतो! हा जबडा सुटा मिळाला नाही तर थ्रीडी प्रिंट करून चालेल का?

लेथवाला
चालेल, पण मटेरियल बघून. पीएलए, म्हणजे थ्रीडी प्रिंटला नेहमी वापरतात ते प्लॅस्टिक, अजिबात नको, ते साधारण ६० अंशाला मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीचं छत त्याच्या पुढे सहज जातं. आकार अवघड असेल तर नायलॉन, म्हणजे पीए१२ मध्ये प्रिंट करून घे. आकार साधा असेल तर एसिटल, ज्याला बाजारात डेलरिन म्हणतात, त्याच्या ठोकळ्यातून मिलिंग करून घेतलेला तुकडा सगळ्यात चांगला, घसरतो छान आणि झिजतो कमी. माप तुटलेल्या तुकड्याचं घेऊ नकोस, तो झिजलेला आहे. डाव्या बाजूचं घे, आणि आरसा प्रतिमा लागेल हे करणाऱ्याला आधीच सांग, नाहीतर दोन्ही डावेच करून मिळतील. रुळात बसवल्यावर बोटाने सरकला पाहिजे, ठोकून बसवावा लागला तर घास.

गॅरेजकाका
छत उघडंच आहे तर पाण्याच्या नळ्याही बघून घे. सील कितीही नवं असलं तरी थोडं पाणी आत जाणारच, खालच्या पन्हळीतून ते कोपऱ्यांतल्या नळ्यांनी बाहेर जावं अशीच रचना आहे. नळी तुंबली की पाणी छताच्या कापडात आणि पुढे फरशीत उतरतं आणि लोक सील बदलत बसतात. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हळू हळू सारून नळी साफ कर. तार घालू नकोस, आणि कॉम्प्रेसरची जोरात हवाही मारू नकोस, नळी आतल्या आत सुटली तर छताचं कापड उतरवावं लागेल.

रबराला सिलिकॉन ग्रीस लाव, इंजिन ऑइल किंवा तसलं काही लावलंस तर रबर फुगतं. पॅनेल परत बसवताना पुढची कड छतापेक्षा किंचित खाली, फार तर १ मिलिमीटर, आणि मागची कड तेवढीच वर ठेव, मग वाऱ्याची शिट्टी वाजत नाही.

निळी_सेडान
नळ्या उद्याच बघतो. एक शेवटचं, डावा जबडा अजून शाबूत आहे, तो तसाच ठेवू की दोन्ही करून घेऊ?

लेथवाला
दोन्ही कर. तोही तितकाच जुना आहे आणि एक बाजू नवी, एक झिजलेली असली तर पॅनेल परत तिरकं चालायला लागेल. मशीनवर एकदा माप लागलं की दुसऱ्या तुकड्याचा खर्च फारसा वाढत नाही.