मदत हवी आहे: यकृतावर गाठी असूनही तिसरीच स्टेज कशी?

गोदाकाठची_सई
माझ्या मावशीला अंडाशयाचा कर्करोग असल्याचे गेल्या आठवड्यात कळले. रिपोर्टमध्ये पोटाचे अस्तर, ओमेंटम (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) आणि यकृत या तिन्ही ठिकाणी गाठी लिहिल्या आहेत. तरीही डॉक्टर तिसरी स्टेज म्हणतात आणि शस्त्रक्रिया लगेच न करता आधी केमो देणार आहेत. यकृतापर्यंत गेला म्हणजे चौथी स्टेज, असेच मी आजवर ऐकत आले आहे. आम्ही खचू नये म्हणून त्यांनी आकडा कमी करून सांगितला असेल का? अंडाशय ओटीपोटात आणि यकृत बरगड्यांखाली; मग तो तिथे पोहोचला कसा? गुरुवारी केमो सुरू होत आहे, कृपया लवकर सांगावे.

पाटावरचा_माणूस
रिपोर्ट सोनोग्राफीचा आहे की सीटी स्कॅनचा? बायोप्सी झाली का, पोटात पाणी होते का, मावशींचे वय किती, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. शिवाय रिपोर्टमध्ये 'यकृतावर' आहे की 'यकृतात', ते पुन्हा एकदा नीट वाचा. आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या एका प्रत्ययात आहे.

वऱ्हाडी_वाचक
माझ्या वहिनीलाही हाच आजार होता. तिची आधी सात तासांची शस्त्रक्रिया झाली, नंतर केमो झाली आणि आज ती नातवंडे सांभाळते. गाठ पोटात ठेवून औषधे देत बसणे मला तरी पटत नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

निवृत्त_परिचारिका
स्त्रियांच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियागृहात मी १८ वर्षे काम केले आहे, म्हणून जे डोळ्यांनी पाहिले ते सांगते. बहुतेक कर्करोग रक्तावाटे दूर जातात; हा मात्र मुख्यतः पोटातल्या पाण्यावाटे जातो. अंडाशय पोटाच्या पोकळीत उघडाच असतो आणि या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार तर पुष्कळदा गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो. तिथून सुटलेल्या पेशी पोटात नेहमी असणाऱ्या थोड्याशा द्रवात पडतात. आपण श्वास घेतो तसा हा द्रव हळूहळू वर ओढला जातो, आणि डाव्या बाजूची वाट वर एका पडद्याने अडवलेली असल्यामुळे तो प्रामुख्याने उजव्या बाजूने चढून श्वासपटलाखाली, म्हणजे यकृताच्या माथ्यावर पोहोचतो. सई, तुमच्या 'कसा पोहोचला' याचे उत्तर हे आहे. आतड्यांवर पदरासारखे पसरलेले ओमेंटम याच वाटेवर असते. एरवी ते मऊ, पिवळसर, जाळीदार दिसते. या आजारात मी ते थापलेल्या भाकरीसारखे घट्ट झालेले पाहिले आहे, आणि पोटाच्या अस्तरावर साबुदाणा सांडल्यासारखे दाणे.

आता स्टेजबद्दल. यकृताच्या आवरणावरचे असे दाणे तिसऱ्या स्टेजमध्येच धरतात. यकृताच्या आत गाठ असेल, किंवा छातीतल्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या, तर चौथी. तुमच्या डॉक्टरांनी काही लपवले असेल असे यावरून म्हणता येत नाही.

सांजवात
म्हणूनच प्रत्येक स्त्रीने वेळेवर पॅप तपासणी करून घ्यावी असे मी नेहमी सांगते.

पाटावरचा_माणूस
सांजवातताई, पॅप तपासणी गर्भाशयाच्या मुखासाठी असते, तिने अंडाशयाचा कर्करोग शोधता येत नाही. या गैरसमजामुळे अनेक जणी 'माझी तपासणी झाली आहे' म्हणून निर्धास्त राहतात.

गोदाकाठची_सई
क्षमस्व, घाईत अर्धवट लिहिले. वय ६१. सीटी स्कॅनमध्ये 'यकृताच्या पृष्ठभागावर' असेच शब्द आहेत; मी ते 'यकृतात' असे वाचत होते. ओमेंटमच्या बायोप्सीत कर्करोग निश्चित झाला. सीए-१२५ हा रक्ततपासणीतला, या कर्करोगात वाढणारा आकडा १,४०० च्या वर आहे. पोटातून साडेचार लिटर पाणी काढले. दोन महिने परकराची नाडी पुरेना, तेव्हा ती 'वय झाले, पोट सुटले' म्हणून हसत होती, आणि आम्हीही हसलो. उजव्या छातीतही थोडे पाणी आहे, त्याची तपासणी अजून आलेली नाही.

हिशेबी
सीए-१२५ पोटाच्या क्षयरोगातही वाढतो. आपल्याकडे पोटात पाणी आणि असेच दाणे दिसून शेवटी क्षय निघाल्याची उदाहरणे आहेत. थुंकीची तपासणी केली का?

निवृत्त_परिचारिका
शंका रास्त आहे, परंतु बायोप्सी आल्यावर तो प्रश्न मिटतो. वऱ्हाडी दादा, तुमच्या वहिनींचे ऐकून आनंद झाला. मात्र सगळ्यांना एकच क्रम लागू पडत नाही. शस्त्रक्रियेत डोळ्यांना दिसणारा एकही दाणा मागे राहू नये हे ध्येय असते. ते पहिल्याच वेळी साधेल असे वाटत नसेल, तर साधारण तीन केमो देऊन दाणे आकसू देतात, मग शस्त्रक्रिया आणि त्यानंतर उरलेल्या केमो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या चाचणीत, आजार असा पसरलेला असताना आधी केमो घेणाऱ्या स्त्रियांचे आयुष्यमान आधी शस्त्रक्रिया झालेल्यांपेक्षा कमी ठरले नाही.

वऱ्हाडी_वाचक
मान्य. पण तो निर्णय फक्त स्कॅनवरून घेऊ नये. बारीक दाणे सीटीत सुटतात. वहिनीला आधी दुर्बिणीतून आत पाहिले होते.

निवृत्त_परिचारिका
हे मात्र अगदी बरोबर. सई, दुर्बिणीबद्दल गुरुवारच्या आधी विचारा. छातीतल्या पाण्याचा निकालही मागा, आणि मावशींची बीआरसीए (या कर्करोगाशी संबंधित आनुवंशिक जनुके) तपासणी पाठवली आहे का तेही पाहा. पुढच्या औषधांची निवड त्यावर अवलंबून असते. त्यात दोष निघाला तर तुमच्या आईचीही तपासणी लागेल, कारण सख्ख्या बहिणीत तोच दोष असण्याची शक्यता निम्मी असते.

गोदाकाठची_सई
छातीतल्या पाण्याचा निकाल आज संध्याकाळी आला, पेशी सापडलेल्या नाहीत. दुर्बिणीबद्दल विचारले, बुधवारी करणार आहेत, त्यामुळे केमो कदाचित पुढे जाईल. जनुक तपासणीचे नमुने पाठवायचे राहून गेले होते, ते उद्या जातील. आईला अजून काही सांगितलेले नाही. ती सध्या मावशीच्या उशाशी बसून तिला नाचणीची पेज भरवत आहे.