स्टार ट्रेकचा आशावाद नेमका कुठे आहे: कथेत की संगीतात?

भुसावळकर:
ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक या अमेरिकी अंतराळकथेची मूळ मालिका लागायची. तेव्हापासून मी तिचा चाहता आहे आणि पन्नाशी उलटली तरी ती आवड ओसरलेली नाही. रेल्वे क्वार्टरमधल्या आमच्या कृष्णधवल टीव्हीवर मुंग्या येत आणि इंग्रजी संवाद अर्धेअधिक डोक्यावरून जात. तरीही माणूस पुढे जाणार आहे आणि जाताजाता शहाणा होणार आहे, एवढे मात्र पक्के कळत असे. ते अलेक्झांडर करेज यांच्या शीर्षकसंगीतातून कळत असे, म्हणून या मालिकेचा आशावाद तिच्या संवादांपेक्षा संगीतात जास्त आहे, असे माझे ठाम मत आहे.

१९७९ च्या पहिल्या चित्रपटाचेच पाहा. जेरी गोल्डस्मिथ यांनी अंतराळयानाच्या प्रसंगासाठी आधी केलेली रचना दिग्दर्शक रॉबर्ट वाइज यांना पटली नाही, कारण तिच्यात लक्षात राहील अशी धूनच नव्हती. गोल्डस्मिथ यांनी ती नव्याने केली. पडद्यावर यानाचा कप्तान कर्क गोदीतल्या यानाभोवती सावकाश फेरी मारतो, जवळजवळ पाच मिनिटे कोणी फारसे बोलत नाही, वाद्यवृंद धुनेचे तुकडे पुढे करत आपल्याला ताटकळत ठेवतो आणि यान समोरून पूर्ण दिसते तेव्हा ती धून पूर्ण उलगडते. चित्रपट रटाळ आहे, हे मान्य. पण ही पाच मिनिटे कापावीत असे मला कधीही वाटलेले नाही. हीच धून १९८७ मध्ये ‘नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेचे शीर्षकसंगीत झाली. पुढे निर्मात्यांना पार्श्वसंगीत जाणवूच नये असे वाटू लागले, रॉन जोन्स यांच्यासारख्या ठसठशीत संगीतकाराला चौथ्या पर्वात काढून टाकले गेले आणि आशा सांगण्याचे काम त्या मालिकेतला कप्तान पिकार्ड याच्या भाषणांवर येऊन पडले.

गिरणाकाठ:
भाऊ, तुमच्या रसिकतेबद्दल शंका नाही. पण तुम्ही कथेचे श्रेय संगीताच्या खात्यावर जमा करत आहात. याच गोल्डस्मिथ यांनी १९७० मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी जनरल पॅटनवरील युद्धपटालाही संगीत दिले होते आणि तिथेही पितळी वाद्ये आणि कूच करणारी लय आहेच. तिथे ती सेनापतीचा रुबाब सांगते, इथे मानवजातीचे भवितव्य. असे का? कारण इथे पटकथेने आधीच ठरवले आहे की हे यान मुलूख मारायला निघालेले नाही. १९६६ मध्ये, शीतयुद्ध चालू असताना, यानाच्या कक्षात कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी आणि आशियाई वंशाचा सुकाणूधारी बसवला आणि दुसऱ्या पर्वात त्यांच्या शेजारी रशियन तरुण आणला, तो लेखकांनी, तुतारीवाल्यांनी नव्हे.

शिवाय ज्या शीर्षकसंगीतावर तुम्ही जीव टाकता, त्याची कहाणी फारशी उदात्त नाही. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांनी त्या धुनेला शब्द लिहिले. ते मालिकेत कधीच गायले गेले नाहीत, पण त्यांच्या जोरावर रॉडनबेरी यांनी करेज यांच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा घेतला. पुढे जिच्या जगात पैसाच उरत नाही, त्या मालिकेचा हा हिशेब!

भुसावळकर:
रॉयल्टीच्या प्रकरणातून रॉडनबेरी यांचा स्वभाव कळतो, धुनेचा नाही. उलट ते शब्द कोणाला लागलेच नाहीत, यावरून धून स्वतःच्या पायावर उभी आहे हेच दिसते. पॅटनचे उदाहरण तर माझ्या बाजूचे आहे. त्यातल्या तुतारीच्या स्वरांना मुद्दाम प्रतिध्वनी दिला आहे. ते घुमत घुमत दूर विरतात, कारण तो माणूस जुन्या युद्धांच्या आठवणींत जगतो. स्टार ट्रेकची धून विरत नाही, ती वर चढत जाते. वाद्ये तीच असली तरी रोख उलटा आहे आणि तो संगीतकाराने ठरवला आहे.

अमळनेरी:
तुम्ही दोघेही पितळी वाद्यांतच अडकलात. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या १९९२ मधल्या ‘द इनर लाइट’ या भागात पिकार्ड काही मिनिटांत एका नष्ट झालेल्या ग्रहावरचे अख्खे आयुष्य जगतो. तिथे पाऊस नाही, माती कोरडी पडत चालली आहे आणि तरी गावकरी चौकातल्या एका रोपट्याला पाणी घालत राहतात. पारोळ्याकडचे उन्हाळे पाहिलेल्याला ते रोपटे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जे चॅटवे यांनी त्या भागासाठी केलेली साधी बासरीची धून हे माझ्या मते या मालिकेतले सर्वांत मोठे संगीत आहे आणि ते पुढे जाण्याचे नसून गेलेल्यांना लक्षात ठेवण्याचे आहे. मग आशा म्हणजे केवळ चढती धून, हे कसे मान्य करायचे?

एका गोष्टीत मात्र भुसावळकर बरोबर आहेत. २००१ च्या ‘एंटरप्राइज’ या स्टार ट्रेक मालिकेला प्रथमच शब्द असलेले शीर्षकगीत दिले. ते १९९८ च्या एका चित्रपटातून घेतलेले होते आणि श्रद्धा, जिद्द, तारे असे सगळे त्यात उघडपणे सांगितले होते. तेच असंख्य चाहत्यांना सर्वांत जास्त खटकले.

गिरणाकाठ:
बासरीचे उदाहरण मी आनंदाने माझ्याकडे घेतो. हा भाग न पाहिलेल्या माझ्या घरच्यांना मी ती धून ऐकवली, तेव्हा त्यांना ती गोड वाटली आणि विषय तिथेच संपला. भाग पाहिल्यावर मात्र शेवटी पिकार्ड खोलीत एकटाच ती वाजवतो तेव्हा आईने टीव्हीचा आवाज वाढवायला सांगितला. मधल्या पाऊण तासाची पटकथा नसती तर हे घडले असते का?

भुसावळकर:
नसते घडले. पण शेवटी पिकार्ड खोलीत एकटा उरतो तेव्हा लेखकांनी त्याच्या तोंडी एकही वाक्य घातलेले नाही. भाषणे देण्यात पटाईत असलेल्या या कप्तानाला त्यांनी तिथे गप्प ठेवले आणि हातात बासरी दिली. याचे उत्तर तुमच्या बाजूने कोणी द्यावे.